टाचणी की दशी?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं!

एक रोपटं आहे. जेमतेम वीतभर उंच. पानं सुरकुतलेली, जमिनीला टेकून गोल पसरलेली. थंडी सरत आली, बर्फ वितळायला लागला, की बाकीची झाडं अजून डोळे चोळत असतात आणि हा पठ्ठ्या फुलून मोकळा! आता या रोपट्याची दोन झाडं शेजारी-शेजारी लावलीत असं समजा. पान तेच, फुलाचा रंग तोच, वासही तोच. सख्खी जुळी भावंडंच म्हणा ना! पण फुलाच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं, की दोघांत ठळक फरक दिसतो. आणि गंमत म्हणजे, या फरकामुळेच दोघांनाही एकमेकांची गरज पडते. एकट्यानं राहिलं तर कितीही फुलं येऊ देत, बी मात्र जवळजवळ धरत नाही.

ओळखा पाहू! नाही ना आलं? साहजिकच आहे. हे फूल आपल्या अंगणातलं नाही. त्याचं नाव प्रिम्युला. आपल्या या सदरात आजवर गुलाब-मोगऱ्याशी दोस्ती झाली असेल, पण आज जरा थंड हवेतल्या पाहुण्याला भेटू या. पाहुणा असला तरी त्याचे काही भाऊबंद आपल्या घरात आणि खाडीत आहेत, बरं का! तेही सांगणार आहे.

पहिला नंबर!

'प्राइमस' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'पहिला'. वसंतात सगळ्यांच्या आधी फुलणारं म्हणून हे प्रिम्युला. याच्या एका जातीला इंग्रजीत प्रिमरोझ म्हणतात, म्हणजे 'पहिला गुलाब'. खरं तर गुलाबाशी याचं काडीचंही नातं नाही! फिकट पिवळ्या पाकळ्या, मधोमध गडद पिवळा ठिपका. इंग्लंडमध्ये मार्च-एप्रिलमध्ये झुडपांच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं ही फुलं दिसतात. दुसरी जात काऊस्लिप. एका दांड्यावर पिवळ्या फुलांचा झुबका, आणि सगळी फुलं एकाच बाजूला मान टाकलेली. आता हे नाव कुठून आलं, ऐका. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध चक्क गाईच्या शेणाशी आहे! गाई चरतात त्या कुरणात, शेण पडलेलं असतं तिथे हे फूल उगवतं, म्हणून हे नाव. इतकं देखणं फूल आणि नाव हे असं!

पण प्रिम्युलाचं खरं माहेर इंग्लंड नव्हेच. जगात प्रिम्युलाच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हिमालय, तिबेट आणि चीनच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत राहतात. म्हणजे माहेर आपल्या उंबरठ्यावरच! सिक्कीममध्ये तीन-चार हजार मीटर उंचीवर, बर्फाचं पाणी झिरपत असतं अशा ओल्या जमिनीत एक उंच जात फुलते. लांब दांड्याच्या टोकाला पिवळ्या घंटा लोंबाव्यात तशी फुलं. जोसेफ हूकर नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ साली सिक्कीममध्ये भटकायला आला. या जातीला नावच मिळालं प्रिम्युला सिक्कीमेन्सिस. सिक्कीममधल्या युमथांगच्या खोऱ्यात वसंतात प्रिम्युलाच्या फुलांचे गालिचे पसरतात. उत्तराखंडातल्या फुलांच्या खोऱ्यातही बर्फ वितळल्याबरोबर जांभळट चेंडूसारखी दिसणारी प्रिम्युला डेंटिक्युलाटा हजर असते.

आणि ते भाऊबंद? तान्ह्या बाळाचं पोट दुखलं, की आजी पाण्यात उकळून देते ते वावडिंग तुम्हाला माहीत आहेच. आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाडीच्या काठी खारफुटीत काजळा नावाचं झाड असतं. पांढरी सुवासिक फुलं, शिंगासारखी वाकडी फळं. पूर्वी ही दोन्ही झाडं वेगळ्या कुळात घालत असत. पुढे शास्त्रज्ञांनी झाडांचे डीएनए ताडून पाहिले आणि २००९ च्या नव्या वर्गीकरणात ही मंडळी प्रिम्युलाच्या कुळात येऊन बसली. एक बर्फात, एक सह्याद्रीच्या जंगलात आणि एक खाऱ्या चिखलात. कुळ मात्र एक!

आत डोकावून पाहा

आता आपल्या कोड्याकडे वळू. प्रिम्युलाचं फूल म्हणजे पाच पाकळ्यांची चकती आणि तिच्याखाली बारीक लांब नळी. नळीच्या तळाशी अंडाशय आणि मध. नळीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर. शाळेच्या पुस्तकात फुलाची आकृती काढली असेल, ती आठवा. परागकोशात परागकण असतात आणि कुक्षीवर ते पडले, की पुढे बी तयार होतं.

एका रोपट्याच्या फुलात डोकावलं, तर नळीच्या तोंडाशी एकच हिरवट गोल मणी दिसतो. अगदी टाचणी खुपसून ठेवावी आणि तिचं डोकं तेवढं वर दिसावं तसा! ही कुक्षी. तिचा दांडा लांब, म्हणून ती वर आली. परागकोश मात्र खाली, नळीच्या मध्यावर लपलेले.

दुसऱ्या रोपट्याच्या फुलात डोकावलं, तर टाचणी गायब! तोंडाशी पाच परागकोशांचा पिवळा झुपका. कुक्षीचा दांडा आखूड, त्यामुळे ती खाली, नळीच्या मध्यावर. म्हणजे पहिल्या फुलात जे वर ते इथे खाली, आणि जे खाली ते वर. नेमकी अदलाबदल!

इंग्लंडमधले माळी पहिल्या फुलाला 'पिन' म्हणत, म्हणजे टाचणी. दुसऱ्याला 'थ्रम' म्हणत. थ्रम हा विणकरांचा शब्द. मागावरून कापड उतरवलं, की टोकाला ताण्याचे सुटे धागे उरतात ना, ते थ्रम. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे, दशा. उपरण्याच्या टोकाला लोंबतात त्या दशा! म्हणून आपण या दोन फुलांना टाचणीवालं आणि दशीवालं म्हणू.

लक्षात ठेवा, एका झाडावर एकाच प्रकारची फुलं येतात. टाचणीवालं झाड जन्मभर टाचणीवालंच. ते यंदा टाचणी आणि पुढच्या वर्षी दशी, असं करत नाही.

विणकरांची हौस

माळ्यांच्या तोंडी विणकरांचा शब्द कसा आला? इंग्लंडच्या लँकेशायर भागात हातमागावर काम करणाऱ्या विणकरांना प्रिम्युलाची एक जात भारी आवडायची. तिचं नाव ऑरिक्युला. मूळची ही आल्प्स पर्वतातली. विणकर घरीच मागावर बसायचा. मध्येच उठायचा, कुंडीकडे बघून यायचा, पुन्हा मागावर. ऑरिक्युलाच्या काही प्रकारांत पानांवर आणि फुलांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. पावसाचे थेंब पडले, की ती ओघळते आणि फुलाची शोभा जाते. म्हणून या कुंड्या छताखाली पायऱ्या-पायऱ्यांच्या फळ्यांवर मांडायच्या. आपण गौरी-गणपतीत आरास करतो ना, तशी! या मांडणीला नावही होतं, 'ऑरिक्युला थिएटर', म्हणजे फुलांचं नाटकगृह. फुलांच्या स्पर्धा भरायच्या आणि पहिल्या नंबराला तांब्याची किटली मिळायची.

या स्पर्धांत एक नियम कडक होता. फूल दशीवालंच हवं. टाचणीवालं फूल आणलं, की ते बाद. कारण काय? तर टाचणीवाल्या फुलाचं तोंड रिकामं-रिकामं दिसतं, आणि दशीवाल्याचं भरलेलं. बस्स, एवढंच! म्हणजे बघा, दोन प्रकारची फुलं असतात हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. पण ती तशी का असतात, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारला एका लांब दाढीच्या माणसानं.

डार्विनचा वाफा

चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकलंय. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ. तरुणपणी बोटीतून जगाला फेरी मारणारा हा माणूस १८४२ साली लंडनजवळच्या डाऊन नावाच्या खेड्यात राहायला गेला आणि उरलेली चाळीस वर्षं तिथेच राहिला. त्याची प्रयोगशाळा कुठली? तर घराचं अंगण, भाजीचा मळा आणि पलीकडचं कुरण! मुलांनाही तो कामाला लावायचा. भुंगे कुठल्या वाटेनं जातात ते बघायला त्यानं आपल्या पोरांना झुडपांपाशी ठिकठिकाणी उभं केलं होतं.

१८६० च्या वसंतात डार्विननं काऊस्लिपच्या फुलांकडे नीट पाहायला सुरुवात केली. मोजदाद केली. ५२२ झुबके तपासले. त्यात २४१ टाचणीवाले आणि २८१ दशीवाले निघाले. म्हणजे साधारण निम्मे-निम्मे.

त्याला आधी काय वाटलं, माहिती आहे? त्याला वाटलं, हे झाड हळूहळू नर आणि मादी असं वेगळं होण्याच्या वाटेवर असावं. टाचणीवाल्याची कुक्षी मोठी, म्हणून ते मादी. दशीवाल्याचे परागकण मोठे, म्हणून ते नर. अंदाज झकास होता. पण नुसत्या अंदाजावर डार्विन थांबणारा नव्हता. हे खरं असेल, तर टाचणीवाल्यांना जास्त बी यायला हवं, बरोबर ना? म्हणून त्यानं झाडांवर खुणा केल्या, बी पिकू दिलं, गोळा केलं आणि वजन केलं. निघालं उलटंच! दशीवाल्यांनीच जास्त बी दिलं होतं. झकास अंदाज एका तराजूनं मोडून काढला.

मग दुसरा प्रयोग. त्यानं काही झाडांवर जाळी टाकली. कीटक आत येईनात. फुलं तर भरपूर आली, पण बी अगदी नावापुरतं. म्हणजे कीटकांवाचून काम अडतं हे कळलं. आता तो स्वतःच भुंगा झाला! परागकण उचलायचे आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर ठेवायचे. टाचणीचे पराग टाचणीवर, दशीचे दशीवर, टाचणीचे दशीवर आणि दशीचे टाचणीवर. चारही तऱ्हा करून पाहिल्या. बी मोजलं. उत्तर लख्ख होतं. टाचणी आणि दशी अशी जोडी जमली, की भरपूर बी. टाचणी-टाचणी किंवा दशी-दशी अशी जमली, तर थोडकंच.

२१ नोव्हेंबर १८६१ रोजी लंडनच्या लिनिअन सोसायटीत डार्विननं हा निबंध वाचला. पुढे १८७७ मध्ये याच विषयावर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं. आत्मचरित्रात तो म्हणतो, की या फुलांचा अर्थ उलगडला तेव्हा जितका आनंद झाला, तितका आपल्या दुसऱ्या कुठल्याही लहानशा शोधानं दिला नाही. सगळ्या जगाला हलवून सोडणारा माणूस, आणि आनंद कशाचा? तर फुलातल्या टाचणीचा!

जिभेवरचा हिशेब

आता ही अदलाबदल कशी काम करते ते पाहू. एक भुंगा मधासाठी दशीवाल्या फुलावर आला. त्यानं लांब जीभ नळीत घातली. इथे परागकोश तोंडाशी आहेत, म्हणून पराग चिकटले जिभेच्या बुंध्याशी, डोक्याजवळ. मग तो गेला टाचणीवाल्या फुलावर. तिथे तोंडाशी काय आहे? कुक्षी! बुंध्याचे पराग नेमके तिच्यावर. त्याच वेळी या फुलाचे खोलवर लपलेले पराग जिभेच्या मधल्या भागाला लागले. आता पुढच्या दशीवाल्या फुलात कुक्षी कुठे आहे? मध्यावर! ते पराग नेमके तिथे. वरचं वरच्याला, खालचं खालच्याला. पोस्टमननं दोन कप्प्यांची पिशवी घेऊन निघावं, तसं.

चुकून पत्र भलत्या घरी पडलंच, तरी सोय आहे. टाचणीच्या कुक्षीवर टाचणीचेच पराग पडले, तर ते सहसा रुजत नाहीत. म्हणजे कुलूपही आहे आणि राखणदारही!

पण एवढा खटाटोप कशासाठी? फुलानं आपलेच पराग आपल्यालाच लावून घेतले असते तर सोपं नसतं झालं? सोपं झालं असतं खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या तसं केलं, की रोपं कमजोर निघू लागतात. दोन वेगळ्या झाडांची मुलं जास्त धडधाकट असतात. तरी याला अपवाद आहेच. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वाऱ्या-पावसात एक चिमुकली प्रिम्युला राहते, प्रिम्युला स्कॉटिका. फक्त काही सेंटिमीटर उंच. तिथे कीटकांचा भरवसा नाही. तिच्यात टाचणी-दशी हा भेदच नाही. कुक्षी आणि परागकोश एकाच उंचीवर. ती आपलं आपण भागवते.

आणि निम्मे-निम्मेच का? हे समजायला एक नाणं घ्या. दशीवाल्या झाडाच्या गुणसूत्रांच्या एका जोडीत, दोघांपैकी एकावर जनुकांचा एक जादा तुकडा असतो. टाचणीवाल्याकडे तो तुकडा नसतोच. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हा तुकडा शोधून वाचला, तेव्हा त्यात पाच जनुकं निघाली. आता बी तयार होताना टाचणीकडून तर काही येत नाही. दशीकडून मात्र तुकडा येईल किंवा येणार नाही. छापा किंवा काटा! छापा पडला तर दशी, काटा पडला तर टाचणी. शेकडो बिया म्हणजे शेकडो वेळा उडवलेलं नाणं. म्हणून निम्मे-निम्मे.

दहा झाडांचं कुरण

पण नाणं फक्त दहा वेळा उडवून बघा. पाच-पाच येईलच असं नाही. सात-तीन येईल, एखादवेळी नऊ-एकही येईल. आता कल्पना करा, एक मोठं कुरण होतं. हजारो काऊस्लिप. तिथे रस्ता झाला, शेत झालं, घरं झाली. कोपऱ्यात उरली दहा झाडं. त्यातली आठ टाचणीवाली आणि दोन दशीवाली. ती दोन मेली, तर? उरलेली आठ झाडं दरवर्षी फुलतील. लोक म्हणतील, वा, किती छान फुललंय! पण बी मात्र जवळजवळ नाही. कुरण वरून हसरं आणि आतून संपत आलेलं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. इंग्लंडमधली रानफुलांची कुरणं गेल्या शतकात बहुतेक नाहीशी झाली. युरोपात एस्तोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली लोकांना साद घातली, की कुरणात जा, काऊस्लिपच्या फुलात डोकावा आणि टाचणी किती, दशी किती ते आम्हाला कळवा. शाळेची मुलं, आई-बाबा, आजी-आजोबा सगळे निघाले. पुढे इतर देशांतलेही लोक सामील झाले. एवढ्या मोजणीतून दिसलं, की जिथे झाडं थोडी उरली आहेत तिथे हा तोल जास्त बिघडतो. डार्विननं एकट्यानं सुरू केलेली मोजणी दीडशे वर्षांनंतर पोरांनी पुढे नेली!

म्हणून एक सांगणं. मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कुणी सिक्कीमला किंवा हिमालयात जाईल. ओढ्याकाठी प्रिम्युला दिसतील. एखादं रोप मुळासकट उपटून, पिशवीत घालून घरी न्यावंसं वाटेल. नका नेऊ. पुण्या-नागपूरच्या उन्हात ते महिनाभरही टिकणार नाही. आणि तुम्ही उचललेलं रोप त्या तुकड्यावरचं शेवटचं दशीवालं नव्हतं, हे कशावरून? फोटो काढा, फुलात डोकावून टाचणी की दशी ते वहीत लिहा आणि पुढे चला. ब्रिटनमध्ये तर जमिनीच्या मालकाची परवानगी नसताना कुठलंही रानरोप उपटणं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

लावायचं तर असं लावा

मग प्रिम्युला बागेत लावायचीच नाही का? लावायची की! पण रोपवाटिकेतून बी किंवा रोप आणून. तुम्ही डेहराडून, सिमला, दार्जिलिंगसारख्या ठिकाणी राहत असाल, किंवा परदेशात थंड हवेत असाल, तर हे तुमच्यासाठी. दिल्लीकडे राहणारे दोस्तही हिवाळ्यापुरती कुंडीत लावू शकतात. त्यासाठी चीनमधली नाजूक फुलांची मॅलॅकॉइडिस ही जात बरी. पावसाळा ओसरला की बी पेरायचं, म्हणजे थंडी संपता संपता फुलं.

बी बारीक असतं, मोहरीहूनही लहान. पसरट भांड्यात चाळलेली माती आणि पालापाचोळ्याचं खत घ्या. माती ओली करा. बी वर नुसतं भुरभुरवा आणि हलकेच दाबा. वर मातीचा थर घालायचा नाही, कारण रुजायला उजेड लागतो. भांड्यावर काच किंवा प्लॅस्टिक ठेवा, म्हणजे ओल टिकेल. भांडं उजेडात ठेवा, पण उन्हात नको. हवा पंधरा ते अठरा अंश असली, की रोपं छान येतात. फार उकाडा असेल, तर बी झोपूनच राहतं. दोन ते चार आठवडे धीर धरा. काऊस्लिप आणि प्रिमरोझचं बी आणखी हट्टी! त्यांना आधी हिवाळा सोसल्याशिवाय जाग येत नाही. मग ओलसर मातीत बी मिसळून, पिशवीत घालून, चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं. खोटा हिवाळाच तो! (पिशवीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरात कुणीतरी मसाला समजायचं.)

रोपाला चार पानं आली, की वेगळं लावा. जागा अर्ध्या सावलीची हवी. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. माती ओल धरणारी हवी, पण पाणी साचणारी नको. पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा मातीखाली गाडू नका, कुजतो. पाणी पानांवर न ओतता मुळाशी घाला. तहान लागली, की प्रिम्युला अगदी नाटकी माणसासारखी मान टाकते. पाणी दिलं, की तासा-दोन तासांत पुन्हा ताठ! पण हे नाटक रोज करायला लावू नका. सुकलेली फुलं खुडत राहा, म्हणजे नवी येतात. बी हवं असेल, तर मात्र शेवटची फुलं ठेवा. गोगलगायींवर नजर ठेवा. रात्री विजेरी घेऊन गेलात तर चोर रंगेहाथ सापडतील.

कुंडीत लावायची ऑब्कॉनिका नावाची एक जात आहे. तिच्या पानांना आणि दांड्यांना हात लागला, तर काहीजणांना खाज सुटते, पुरळ येतो. तिला हातमोजे घालूनच हाताळा.

दोन-तीन वर्षांत रोपाचा पुंजका मोठा होतो. फुलं संपल्यावर तो उकरायचा, हलक्या हातानं वेगळा करायचा आणि प्रत्येक भाग पुन्हा लावायचा. एकाची पाच रोपं झाली! पण थांबा. या पाच रोपांना आपापसांत बी धरेल का?

बरोबर! फारसं नाही धरणार. कारण ती पाच रोपं म्हणजे पाच जागी लावलेलं एकच रोप. टाचणीवालं असेल, तर पाचही टाचणीवाली. बी हवं असेल, तर शेजारच्या बागेतून दशीवालं आणायला हवं.

तुमच्या अंगणातला प्रयोग

"पण आमच्याकडे प्रिम्युला नाहीच!" असं म्हणून हिरमुसू नका. पेंटास नावाचं झुडूप तुम्ही नक्की पाहिलंय. सोसायटीच्या बागेत, शाळेच्या फाटकापाशी, रस्त्याच्या दुभाजकावरसुद्धा असतं. गुलाबी, लाल किंवा पांढऱ्या, चांदणीसारख्या पाच पाकळ्यांच्या फुलांचे झुबके. फुलपाखरांचा लाडका. याचं आणि प्रिम्युलाचं कुळ अगदी वेगळं, पण याच्यातही हाच टाचणी-दशीचा खेळ आहे! चला तर मग:

१. वही-पेन्सिल घ्या. भिंग असेल तर उत्तमच.

२. पेंटासच्या एका झाडाचं उमललेलं फूल बघा. तोंडातून बाहेर डोकावणारा, टोकाला दोन फाटे फुटलेला दांडा दिसतोय? तर ते टाचणीवालं. तोंडाशी परागकोशांचा झुपका आहे आणि दांडा दिसत नाही? तर दशीवालं.

३. प्रत्येक झाडाची एकदाच नोंद करा. एका झाडाची दहा फुलं मोजून दहा आकडे लिहायचे नाहीत. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

४. वीस तरी झाडं बघा. वेगवेगळ्या बागांतली बघितलीत तर अधिक चांगलं.

५. निम्मे-निम्मे आले का? एकाच वाफ्यातली सगळी एकाच प्रकारची निघाली, तर गोंधळू नका. रोपवाटिकेत पेंटास बहुधा फांद्या लावून वाढवतात. तेव्हा अख्खा वाफा एकाच झाडाच्या फांद्यांचा असू शकतो. मग शेजारच्या वाफ्यात जाऊन बघा.

ज्यांना आणखी डोकं लढवायचंय, त्यांच्यासाठी एक सवाल. तळ्यात, नदीत माजणारी जलपर्णी तुम्ही पाहिलीय. तिच्या फुलांचे दोन नव्हे, तीन प्रकार असतात: लांब, मध्यम आणि आखूड. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी एकच प्रकार सापडतो, तरीही ती तळंच्या तळं भरून टाकते. बी फारसं धरत नसतानाही ती एवढी कशी पसरते? एखादं रोप पाण्यातून उचलून, उलटं करून नीट बघा. (मोठं माणूस बरोबर हवं हं! तळ्याच्या काठी एकटं जायचं नाही.) उत्तर त्या रोपालाच लोंबत असतं.

सापडलं की वहीत चित्र काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात याच जलपर्णीच्या फुगीर देठात हवा कुठून येते ते पाहू. तोवर, दिसेल त्या फुलात डोकावत राहा!